चौकट की शिरोरेषा?

व्हेक्टर चित्रकामात दोन आकार एका ओळीत आणायचे तर काय करायचं, याचं उत्तर सॉफ्टवेअरमध्ये तयार असतं. दोन्ही आकार निवडायचे आणि बटण दाबायचं. इलस्ट्रेटर १९८७ साली आलं, कोरलड्रॉ १९८९ साली, आणि इंकस्केप २००३ पासून कुणालाही फुकट वापरता येतं. तिन्हींमध्ये हे बटण आहे आणि तिन्हींमध्ये ते हिशेबाला पक्कं आहे. तरीही आपल्याकडच्या पाट्या, लग्नपत्रिका, दुकानांवरचे फ्लेक्स बघताना कुठेतरी नजर अडखळते. शब्द शेजारच्या शब्दाच्या जरा खाली उतरलेला दिसतो, किंवा गणपती मथळ्याच्या एका अंगाला झुकलेला. मला हा प्रश्न बारीक वाटत नाही. देवनागरी अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी वरच्या रेषेला लटकतात. अलाइनच्या बटणाला मात्र त्या रेषेची गंधवार्ता नसते.

पुढचा संवाद एका मामा-भाचीचा आहे. मामाने कोल्हापुरात ब्रशने पाट्या रंगवल्या आणि नंतर तो कोरलवर आला. भाची लेझर कटिंगच्या फाइली इंकस्केपमध्ये करते. दोघांसमोर एका घराच्या नावाची पाटी आहे : ‘गुरुकृपा निवास’. ॲक्रिलिकमधून अक्षरं कापून ती दाराशेजारी बसवायची आहेत.

मामा : ‘निवास’ खाली उतरलाय.

भाची : उतरणं शक्यच नाही, मामा. दोन्ही शब्द निवडून वरच्या कडा जुळवल्यात. हे बघ, दोघांचा वरचा आकडा शेवटच्या दशांशापर्यंत सारखा आहे.

मामा : कशाचा आकडा? ‘निवास’ला वेलांटी आहे, ती शिरोरेषेच्या वर जाते. ‘गुरुकृपा’ला शिरोरेषेच्या वर काहीच नाही. तू वेलांटीचा माथा आणि शिरोरेषा एका पातळीत आणलीस. मग ‘निवास’ची शिरोरेषा वेलांटीच्या उंचीइतकी खाली येणारच.

भाची : बरं. खालच्या कडा जुळवते.

मामा : जुळव. ‘गु’खाली उकार लोंबतोय, ‘कृ’खाली ऋकार. ‘निवास’खाली काय आहे? काही नाही. म्हणजे ‘निवास’चे काने थेट उकाराच्या तळाशी जाऊन टेकतील. पुन्हा तोच शब्द खाली.

भाची : आणि आडवा मध्य जुळवला तर?

मामा : एकाची चौकट खालच्या अंगाला वाढलीय, दुसऱ्याची वरच्या अंगाला. मध्य जुळवलास तर आधीच्या दोन चुकांची सरासरी मिळेल. तिन्ही बटणं दाबून बघ, तिन्ही वेळा ‘निवास’ खालीच जाईल.

तिने तिन्ही बटणं दाबली आणि तसंच झालं. कारण साधं आहे. अक्षरं एकदा कर्व्ह केली की सॉफ्टवेअरच्या लेखी तो शब्द राहत नाही, निव्वळ एक आकृती होते. आणि आकृतीभोवती आखलेला सर्वात लहान आयत म्हणजे तिची चौकट. वर, खाली, डावी, उजवी आणि मध्य हे सगळे आकडे त्या आयताचे असतात. अलाइन म्हणजे दोन आयत जुळवणं. आत काय लिहिलंय याच्याशी आयताला देणंघेणं नाही. रोमन मोठ्या अक्षरांत हे बहुतेक वेळा खपून जातं, कारण त्यांचे माथे आणि तळ जवळजवळ एका रेषेत असतात. आपल्याकडे वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार वर जातात आणि उकार, ऋकार खाली. अशा दोन शब्दांची चौकट सारखी असणं हा योगायोगच.

भाची : पण यात बटणाची चूक कुठे आहे? मी त्याला चुकीची कड जुळवायला सांगितली. शिरोरेषेच्या वरच्या काठावर एक गाइडलाइन टाकते, स्नॅप चालू करते, आणि प्रत्येक शब्दाच्या शिरोरेषेचा कोपऱ्यातला नोड पकडून त्या गाइडला चिकटवते. झालं. चौकटीचा संबंधच उरत नाही.

मामा : एवढ्यासाठी गाइड कशाला? कर्व्ह करायच्या आधीच जुळवायचं होतंस. टेक्स्ट म्हणून असताना दोन्ही शब्द एका बेसलाइनवर ठेवले असते तर शिरोरेषा आपोआप जुळली असती.

भाची : एकच फॉन्ट आणि एकच साइज असती तर. इथे घरमालकाला ‘गुरुकृपा’ जाड हवंय, वेगळ्या फॉन्टमध्ये. प्रत्येक फॉन्टमध्ये शिरोरेषा बेसलाइनपासून किती उंच ठेवायची हे तो बनवणारा ठरवतो. बेसलाइन जुळली तरी शिरोरेषा जुळेल याची खात्री नाही.

मामा : मग बाणाच्या कळीने सरकव. डोळ्याला बरोबर दिसलं की थांब. मी तेच करतो.

भाची : नाही, मामा. इथे तसं चालणार नाही. अक्षरं सुटी पडू नयेत म्हणून शिरोरेषा वेल्ड करून एकच पट्टी करायची आहे. डोळ्याने सरकवलं आणि पाव मिलिमीटरचा फरक राहिला, तर स्क्रीनवर तो दिसणार नाही. लेझर मात्र तो पाळेल. दोन शब्द जिथे जोडले जातात तिथे पट्टीवर एक पायरी कापली जाईल. ॲक्रिलिकच्या कापलेल्या कडेवर उजेड पडला की अशी पायरी चमकते. दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला ती दिसेल. नोड नोडावरच बसला पाहिजे.

इथे मी भाचीच्या बाजूचा आहे, आणि पुरता. ‘नजरेला बरोबर’ हे छापायच्या कामात चालून जातं. जिथे दोन आकारांचा एक आकार होणार, किंवा जिथे पातं फिरणार, तिथे जवळजवळ जुळलेलं म्हणजे न जुळलेलंच. वेल्ड करताना दोन काठांमध्ये केसभर फट राहिली तर आकार जोडलेच जात नाहीत, आणि केसभर पायरी राहिली तर तिथे नको असलेले दोन नोड कायमचे येऊन बसतात. नंतर ते शोधून काढणं हे पाटी नव्याने करण्याइतकंच कंटाळवाणं काम असतं.

मामाने तिचं म्हणणं मान्य केलं, पण आपली बाजू सोडली नाही. त्याने पाटी बाजूला सारून एक कोरं पान उघडलं.

मामा : शंभर मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ काढ. त्यात साठ मिलिमीटर उंचीचा समभुज त्रिकोण, टोक उजवीकडे. व्हिडिओ सुरू करायच्या बटणावर असतो तसा. आता दोन्हींचे मध्य जुळव.

भाची : जुळवले.

मामा : कसा दिसतोय?

भाची : डावीकडे सरकल्यासारखा.

मामा : आकडा काय म्हणतो?

भाची : बरोबर मधोमध. पण थांब, हेही आकड्याने सांगता येतं. आत्ता त्रिकोणाच्या टोकापासून वर्तुळापर्यंत २० मिलिमीटर जागा आहे आणि मागच्या दोन कोपऱ्यांपाशी जेमतेम चार. कारण आपण त्रिकोणाच्या चौकटीचा मध्य धरला. त्रिकोणाचा स्वतःचा मध्य, म्हणजे गुरुत्वमध्य, पायापासून एक तृतीयांश उंचीवर असतो. चौकटीचा मध्य असतो निम्म्या उंचीवर. दोहोंतला फरक उंचीचा सहावा भाग, म्हणजे इथे १० मिलिमीटर. तेवढा उजवीकडे सरकवला की तिन्ही कोपरे वर्तुळापासून दहा-दहा मिलिमीटरवर येतात. बघ.

मामा : आता मला तो उजवीकडे गेल्यासारखा वाटतो.

भाची : हे गणिताने अचूक आहे, मामा.

मामा : असू दे. टोक बारीक असतं आणि पाठ जड असते, म्हणून चौकटीचा मध्य चालत नाही हे खरं. पण टोक नजरेला पुढेही ओढतं. मी दहावर थांबणार नाही, आठावर थांबेन. तुझ्या चौकटीने एक मध्य सांगितला, तुझ्या भूमितीने दुसरा, आणि माझी नजर तिसरा सांगते. तिन्ही आकडेच आहेत. यातला कुठला घ्यायचा हे कुठल्या आकड्याने ठरवशील?

भाची गप्प झाली नाही, पण तिने लगेच उत्तरही दिलं नाही. मामाचा प्रश्न खरा आहे. अक्षरं आखणाऱ्यांना तो फार पूर्वीपासून माहीत आहे. चौकोनाच्या शेजारी त्याच उंचीचं वर्तुळ ठेवलं तर वर्तुळ बुटकं दिसतं, कारण ते वरच्या आणि खालच्या रेषेला एकेका बिंदूतच शिवतं. म्हणून रोमन टाइप आखताना गोल अक्षर सपाट अक्षरापेक्षा थोडं वर आणि थोडं खाली जाऊ देतात. आपल्याकडे ‘ठ’, ‘ट’, ‘ढ’ यांची गोल पोटं खालच्या अंगाला हाच प्रश्न विचारतात. चांगल्या फॉन्टमध्ये हे पोट कान्याच्या टोकाच्या जरा खाली उतरलेलं सापडेल. मोजलं तर ते चुकलेलं, वाचलं तर बरोबर. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षकं हाताने आखली. अशा अक्षरांवर आज गाइडलाइन टाकणाऱ्याने ती जुळतात की नाही एवढंच तपासू नये; कुठे आणि किती सुटतात हेही मोजावं. त्यातून खूप शिकायला मिळतं.

मामा : पत्रिकेतला गणपती घे. पत्रिका केल्यास ना तू?

भाची : केल्यात की. पानाच्या मध्यावर ठेवायचा. कोरलमध्ये पी दाबलं की पानाच्या मधोमध येतो, मग वर सरकवायचा.

मामा : येतो का मधोमध? सोंड डावीकडे वळलेली, त्या बाजूला मोदकाचा हात बाहेर आलेला, आणि पायाशी उंदीर एकाच अंगाला. चौकट या सगळ्यांना धरून होते. उंदराची शेपटी जितकी लांब, तितका गणपती दुसऱ्या बाजूला सरकणार. खाली ‘॥ श्री ॥’ अगदी मध्यावर, त्याखाली वधूवरांची नावं मध्यावर, आणि वर बाप्पा मात्र एका अंगाला. लोकांना सांगता येत नाही काय खटकतंय, पण खटकतं.

भाची : मग कुठला मध्य धरायचा?

मामा : मुकुटाचं टोक आणि बेंबी. त्यातून जाणारी उभी रेघ हा गणपतीचा मध्य. सोंड, हात, उंदीर हे त्याच्याभोवती आहेत. बसलेली मूर्ती असेल तर आसनाचा मध्यही त्याच रेषेत असतो का ते बघायचं. चित्र काढणाऱ्याने ते तसंच काढलेलं असतं. आपण शेपटी मोजतो, हा आपला दोष.

भाची : म्हणजे पुन्हा गाइडच. मुकुटाच्या टोकाच्या नोडला स्नॅप.

मामा : हो, गाइडच. मी स्नॅपच्या विरोधात नाही. स्नॅप कशाला करायचं, ते नजरेने ठरव, एवढंच म्हणतोय.

इथवर दोघं एकमेकांच्या जवळ आलेली वाटतात. पण पुढच्या कामावर भाचीने जी बाजू घेतली, तिला मामाकडे उत्तर नव्हतं. काम होतं स्वातंत्र्यदिनाच्या फलकासाठी अशोकचक्र आखण्याचं.

भाची : आता यात नजर कुठे आणशील, सांग. चक्राला २४ आरे. ३६० भागिले २४, म्हणजे प्रत्येकी १५ अंश. एक आरा काढायचा, फिरवण्याचा मध्य चक्राच्या मध्यावर स्नॅप करायचा, आणि १५ अंशांनी २३ प्रती काढायच्या. नजरेने फिरवलं आणि दर वेळी फक्त ०.१ अंश जास्त गेला, तर कुठल्याच दोन आऱ्यांमध्ये तुला काही चुकलेलं दिसणार नाही. शेवटच्या आणि पहिल्या आऱ्यामध्ये मात्र १५ च्या जागी १२.७ अंश उरतील. चूक साठत जाते. नजर जवळजवळचं बघते, तिला साठलेलं दिसत नाही.

मामा : खरं आहे.

भाची : आणि ध्वजसंहितेत ध्वजाच्या मापानुसार चक्राचा व्यास दिलेला आहे. ९०० बाय ६०० मिलिमीटरच्या ध्वजावर १८५ मिलिमीटर. १५० बाय १०० वर २५. मला ते जरा मोठं हवंय असं म्हणता येत नाही. एकाच पानावर व्हिजिटिंग कार्डं लावतानाही हेच. कटिंग मशिनचं पातं अख्खी ओळ एका फटक्यात कापतं. पहिल्या कार्डाला नजरेने बरोबर असलेलं अंतर दहाव्या कार्डाला मजकूर कापून जाईल.

मामा : एकाच आकाराच्या पुष्कळ प्रती असतील तिथे मी नजर मध्ये आणणार नाही. पाट्या रंगवायचो तेव्हासुद्धा खडू लावलेली दोरी दोन टोकांना धरून भिंतीवर झटकायचो. त्या रेघेशी कुणी वाद घालायचं नाही. पण एक सांग. तुझा आकडा तरी एकच असतो का? मध्ये तू एका चौकटीची गोष्ट सांगत होतीस.

भाची : रेषेच्या जाडीची. हो, ते सगळ्यांना छळतं. पन्नास मिलिमीटरचे दोन चौकोन. एकाची आउटलाइन १ मिलिमीटर, दुसऱ्याची ५. आउटलाइन मार्गाच्या दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी पसरते. म्हणजे बाहेरून पहिला चौकोन ५१ चा आणि दुसरा ५५ चा. डाव्या कडा जुळवायच्या म्हटलं तर बाहेरच्या कडा की आतले मार्ग? दोहोंत २ मिलिमीटरचा फरक पडतो. इंकस्केप मुळात जाडी धरून चौकट मोजतं, इलस्ट्रेटर मुळात जाडी सोडून. दोन्हींमध्ये ते बदलता येतं, पण बदलता येतं हेच अनेकांना माहीत नसतं.

मामा : आणि बरोबर कुठलं?

भाची : छापायचं असेल तर जाडी धरून, कारण माणसाला शाई दिसते. कापायचं असेल तर जाडी सोडून, कारण पातं मार्गावरून जातं. म्हणजे काम बघून ठरवायचं.

मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि शिकवण्यांमध्ये नेमका तोच सुटतो. अलाइनचं बटण शिकवतात, पण त्याच्या मागे असलेले दोन प्रश्न शिकवत नाहीत. पहिला, आकाराची कुठली कड धरायची. दुसरा, कुणी हलायचं आणि कुणी जागेवर राहायचं. कोरलमध्ये शिफ्ट दाबून एकेक आकार निवडला तर शेवटी निवडलेला जागेवर राहतो आणि बाकीचे त्याच्याकडे सरकतात. माउसने घेर टाकून निवडले तर सर्वात शेवटी काढलेला आकार जागेवर राहतो. इलस्ट्रेटरमध्ये निवडलेल्यांपैकी एकावर पुन्हा क्लिक करून त्याला मुख्य ठरवता येतं. इंकस्केपमध्ये पहिला, शेवटचा, सर्वात मोठा, सर्वात लहान, पान, सगळं चित्र असे पर्याय यादीतून निवडावे लागतात. हे माहीत नसलेला माणूस आधीच जागेवर बसवलेला आकार हलवून बसतो आणि सॉफ्टवेअरला दोष देतो.

यानंतरचं वळण मला अपेक्षित नव्हतं. आकड्यांवर विश्वास ठेवणाऱ्या भाचीचीच तक्रार निघाली, आणि तिला समजावलं मामाने.

भाची : हे बघ. तिरक्या कापलेल्या दोन पट्ट्या, एक भगवी आणि एक हिरवी. दोघींची सामाईक कड एकाच दोन नोडांवर आहे. स्नॅप केलंय, आकडे तपासलेत, कणभरही फट नाही. तरी स्क्रीनवर मध्ये एक पुसट पांढरी रेघ दिसते. झूम करत गेलं की ती तितकीच बारीक राहते, जात नाही.

मामा : जाणार नाही. ती फट नाहीच. स्क्रीन प्रत्येक आकार वेगळा रंगवते. तुझी कड एखाद्या पिक्सेलच्या मधून गेली, तर भगव्याने त्या पिक्सेलचा निम्मा भाग व्यापला. म्हणून स्क्रीन तिथे पन्नास टक्के भगवा टाकते, पन्नास टक्के कागद उरतो. मग हिरवा येतो, तोही निम्मा. तो उरलेल्या जागेत नेमका बसत नाही. आधीच्या मिश्रणावर पन्नास टक्के पसरतो. म्हणजे कागदाचे पन्नासातले पंचवीस टक्के शिल्लक राहतात. तीच तुझी पांढरी रेघ.

भाची : म्हणजे अचूक जुळवूनही?

मामा : अचूक जुळवलंस म्हणूनच. एक पट्टी दुसरीच्या खाली थोडी सरकव. वरची आहे तिथेच राहू दे. दिसणारी कड तीच राहील, रेघ जाईल. ऑफसेटवर तर हे करावंच लागतं. चार रंगांच्या चार प्लेटा, कागद थोडा ताणला जातो, प्लेट केसभर हलते. कडेला कड लावलेली असेल तर तिथे पांढरं उघडं पडणारच. छापखान्यात कुणी कडेला कड लावून देत नाही, एकमेकांवर थोडं चढवूनच देतात.

भाची : म्हणजे मुद्दाम न जुळवणं.

मामा : मुद्दाम, आणि ठरवून किती ते. किती चढवायचं हे प्रेसवाल्याला विचारायचं. तिथे माझी नजर कामाची नाही.

भाचीच्या मनात यावरून झेंड्यांचा विषय आला. व्हेक्टर शिकताना झेंडे आखण्याचा सराव पुष्कळ जण करतात. तिनेही केला होता.

भाची : मामा, तुझ्या बाजूचं एक उदाहरण मीच देते. बांगलादेशाचा झेंडा. लांबी-रुंदी १० ला ६. लाल गोल मधोमध वाटतो, पण तो मध्ये नाही. त्याचा मध्य लांबीच्या ९/२० वर आहे, काठीच्या बाजूला. दहा फुटी झेंड्यावर मध्य पाच फुटांवर यायला हवा, तो साडेचारवर आहे. झेंडा वाऱ्यावर फडकतो तेव्हा मोकळं टोक दुमडतं, आखूड दिसतं. म्हणून गोल आधीच काठीकडे सरकवलाय, म्हणजे फडकताना मधोमध दिसावा.

मामा : आणि ते नियमात लिहिलंय?

भाची : १९७२ पासून. फ्रान्सच्या नौदलाच्या झेंड्यात निळ्या, पांढऱ्या, लाल पट्ट्या ३०, ३३, ३७ अशा आहेत. लांबून, वाऱ्यावर सारख्या दिसाव्यात म्हणून. म्हणजे कुणीतरी नजरेने ठरवलं, आणि मग ते आकड्यात लिहून ठेवलं. कुठल्याही कारागिराने आखला तरी तो तसाच येतो.

मामा : मग मी दुसरं काय म्हणतोय?

भाची : तू लिहून ठेवत नाहीस, मामा. तुझा आठ मिलिमीटरचा त्रिकोण तुझ्या हातात आहे. उद्या तू दुकानात नसलास आणि मला तोच परत काढायचा असला तर मी काय करू? शिवाय दुसरी बाजूही ऐक. जपानचा झेंडा. १८७० च्या नियमात त्यांचा गोल लांबीच्या एक शतांशाने काठीकडे सरकवलेला होता. १९९९ साली कायदा झाला आणि गोल परत बरोबर मध्यावर आणला. म्हणजे नजरेसाठी केलेली दुरुस्ती एखादा देश मागेही घेऊ शकतो.

मामा : एक शतांश कुणाला दिसणार होता? तो असून नसून सारखाच. दुरुस्ती करायची तर दिसेल एवढी करावी, नाहीतर मध्यच ठेवावा. हे मला पटतं.

जपानच्या कायद्यामागे नेमका हाच विचार होता असं मी म्हणणार नाही. पण मामाचा निकष उपयोगाचा आहे. अर्धवट सरकवलेला आकार सर्वात वाईट. पुढचा माणूस त्याला चूक समजतो आणि ‘सुधारतो’. रोजच्या कामात दृष्टीने केलेल्या दुरुस्त्या अशाच मरतात. फाइल दुसऱ्या दुकानात जाते, तिथला मुलगा सगळं निवडून मध्य जुळवतो, आणि मामाचे आठ मिलिमीटर एका क्लिकमध्ये शून्य होतात. त्या मुलाचं काही चुकत नाही. हा फरक मुद्दाम ठेवलाय हे त्याला फाइलमधून कळायला काही मार्गच नव्हता. भाचीची तक्रार म्हणून मला रास्त वाटते. नजरेचा निर्णय आकड्यात उतरला नाही तर तो एका माणसापुरता आणि एका छपाईपुरता राहतो.

त्यांनी दोघांनी मिळून एक उपाय काढला. अनेक चित्रकार तो वापरतात. त्रिकोणाभोवती, रंग नसलेला आणि आउटलाइनही नसलेला एक चौकोन काढायचा. त्याचा मध्य मामाला हव्या असलेल्या जागी ठेवायचा. आणि त्रिकोण व चौकोन ग्रुप करायचे. आता चौकट त्या अदृश्य चौकोनाची होते. कुणीही कितीही वेळा मध्य जुळवा, त्रिकोण मामाच्या जागीच येऊन बसतो. गणपतीचंही तसंच : मुकुट आणि बेंबीच्या रेषेपासून दोन्ही बाजूंना सारखा जाणारा, शेपटीपलीकडे पोहोचणारा अदृश्य आयत. ‘निवास’ आणि ‘गुरुकृपा’भोवतीही असे दोन आयत, वरची कड शिरोरेषेपासून सारख्याच अंतरावर. मग वरच्या कडा जुळवायचं साधं बटणही देवनागरीला चालू लागतं.

मामा : पण पाटीच्या फाइलमध्ये हे नको.

भाची : का? हेच तर सगळ्यात सुरक्षित आहे.

मामा : अदृश्य तुला आणि मला. लेझरच्या सॉफ्टवेअरला रंग नसला तरी मार्ग असतो. काही सॉफ्टवेअर तो वाचून कापतात. अख्ख्या नावाभोवती चौकोन कापला गेला म्हणजे?

भाची : आधी वेगळ्या लेयरवर ठेवते, आणि कापायला पाठवताना तो लेयर काढून टाकते.

मामा : काढायचं विसरलीस तर?

भाची : मग फाइलच्या दोन प्रती. एक ठेवायची, चौकोनांसकट. दुसरी कापायची, वेल्ड झालेली, चौकोन नसलेली. आणि कापायच्या फाइलच्या नावात तसं लिहायचं.

मामा : आणि ठेवायच्या फाइलमध्ये माझे आठ मिलिमीटर कुठे लिहिशील?

भाची : पानाबाहेर, त्रिकोणाशेजारी. ‘मध्यापासून ८ मिमी उजवीकडे, मुद्दाम.’

मामा : लिही. पण आधी तो दहावर ठेवून छापून काढ, मग आठवर. दोन्ही कागद समोरच्या भिंतीला लावू आणि रस्त्याच्या पलीकडून बघू. स्क्रीनवर बघून मी आठ म्हटलंय, ते अजून पक्कं नाही.